टेस्ट माझ्याकडे पास, सीआयवर फेल: आउटपुटमधल्या पाथची कटकट

लक्षण ओळखीचं आहे. प्रोग्रॅमचं आउटपुट एकदा नीट तपासून फाइलीत जपून ठेवायचं, पुढच्या प्रत्येक वेळी नवं आउटपुट तिच्याशी ताडून पाहायचं, आणि फरक दिसला की टेस्ट फेल. आपल्या लॅपटॉपवर सगळं हिरवं. पुश करून चहा घेऊन येईपर्यंत सीआय (पुश केलेल्या कोडवर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) लाल. डिफ (जुन्या-नव्या आउटपुटमधला फरक) उघडला तर हे दिसतं:

- /होम/मी/काम/शब्दतपास/नमुने/जोडाक्षरे.यादी:१२: शब्द दोनदा आला आहे
+ /होम/रनर/वर्क/शब्दतपास/शब्दतपास/नमुने/जोडाक्षरे.यादी:१२: शब्द दोनदा आला आहे

फाइल तीच, ओळ तीच, संदेश तोच. फरक फक्त पाथचा, म्हणजे फाइलीच्या पत्त्याचा: रिपो (प्रोजेक्टचा सगळा कोड असलेला फोल्डर) कुठे उतरवून ठेवलाय एवढाच.

‘शब्दतपास’ हे आमचं छोटं टूल आहे. मराठी शब्दयाद्या वाचायच्या, दुबार शब्द, चुकीची जोडाक्षरं, भलत्याच एन्कोडिंगच्या ओळी दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. संदेश मराठीत असल्यामुळे ताडून बघायच्या फाइलीही मराठीतच. टूल लहान, पण या पाथच्या भानगडीने आम्हाला जितकं छळलं तितकं जोडाक्षरांनीही छळलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नव्या रूपात ती परत यायची, म्हणून जे सापडलं ते एकदा सलग लिहून ठेवतो.

पहिला उपाय सगळेच करतात आणि तोच सगळ्यात वाईट. जपलेली फाइल नव्या आउटपुटने बदलून टाकायची. सीआय हिरवा होतो, सहकाऱ्याच्या मशीनवर लाल. तो त्याच्याकडून बदलतो. आमच्या रिपोच्या इतिहासात एकाच फाइलीवर असे लागोपाठ कमिट आहेत, प्रत्येकाचा संदेश ‘टेस्ट दुरुस्त’. दुरुस्त कुणीच काही केलेलं नाही, फक्त दोरी आपल्याकडे ओढली. शिवाय प्रत्येकाचं लॉगिननाव, फोल्डरची रचना, क्लायंटच्या नावाचा एखादा फोल्डरसुद्धा रिपोत कायमचा जाऊन बसतो, ते वेगळंच.

दुसरा उपाय म्हणजे ‘सगळे एकाच कंटेनरमध्ये (सगळीकडे सारखंच असणाऱ्या बंदिस्त वातावरणात) चालवू, पाथ सारखाच येईल’. चालतं. पण त्याने रोग जात नाही, ताप तेवढा उतरतो. ज्या दिवशी कुणी कंटेनरबाहेर टेस्ट चालवेल, किंवा एखाद्या डिस्ट्रोचा पॅकेज करणारा स्वतःच्या बिल्डफोल्डरमध्ये चालवेल, त्या दिवशी तेच पुन्हा.

पाथ पुसायला घेण्याआधी त्याचे दोन तुकडे आहेत हे मनाशी पक्कं केलं पाहिजे. वरच्या ओळीत ‘नमुने’च्या आधीचं सगळं मशीनचं आहे, त्याच्याशी टेस्टला काही देणंघेणं नाही. ‘नमुने/जोडाक्षरे.यादी:१२’ हे मात्र प्रोग्रॅमचं उत्तर आहे. कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत चूक आहे हे सांगणं हेच तर त्याचं काम. पुसायचं ते फक्त डोकं. शेपटाला हात लावायचा नाही. हे न पाळल्याने आमचं काय झालं ते पुढे येतंच.

आता, सगळ्यात आधी स्वतःला विचारायचं: प्रोग्रॅमने मुळात पूर्ण पाथ छापायलाच हवा का? आमच्या टूलमध्ये सुरुवातीलाच प्रत्येक फाइलनावावर रिअलपाथ (नावावरून पूर्ण पाथ काढणारं फंक्शन) मारला जात होता. कारण विचारलं तर कुणालाच आठवेना. बहुधा एकच यादी दोनदा दिली गेली तर ओळखता यावी म्हणून. मग आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ओळख पटवण्यासाठी आत पूर्ण पाथ, आणि छापताना वापरणाऱ्याने जसं नाव दिलं तसंच. टेस्ट रिपोच्या मुळाशी जाऊन ‘नमुने/जोडाक्षरे.यादी’ असं सापेक्ष नाव देऊ लागल्या आणि निम्म्याहून जास्त भांडणं त्या एका बदलात मिटली. वापरणाऱ्यांनाही ते आवडलं, कारण लांबलचक पाथ वाचायला कुणालाच नको असतात. फिल्टर लिहिण्याआधी ही शक्यता तपासा. जे छापलंच जात नाही, ते पुसावं लागत नाही.

कंपाइल होणाऱ्या भाषांत पाथ आणखी एका मार्गाने आत शिरतो. ॲसर्शन (कोडमध्येच लिहिलेली तपासणी) फेल झालं की फाइलनाव छापलं जातं, ते कंपाइलरने बिल्डच्या वेळी आत कोरलेलं असतं. तिथे आउटपुटवर फिल्टर लावण्यापेक्षा कंपाइलरलाच सांगणं बरं. जीसीसी या कंपाइलरच्या ८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, ‘फाइल-प्रीफिक्स-मॅप’ हा पर्याय आहे: जुनं डोकं आणि नवं डोकं द्यायचं, की मॅक्रो आणि डीबग माहिती दोन्हींत बदल होतो. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरमध्ये तो १०व्या आवृत्तीत आला. गो भाषेत १.१३पासून, २०१९मध्ये, ‘ट्रिमपाथ’ आला, आणि रस्टच्या कंपाइलरमध्ये ‘रीमॅप-पाथ-प्रीफिक्स’ आहे. हे पर्याय रुजले ते टेस्टपेक्षा पुनरुत्पादनक्षम बिल्डसाठी, म्हणजे कुठल्याही फोल्डरमध्ये बिल्ड केलं तरी बाइटन् बाइट तेच बायनरी मिळावं म्हणून. आपल्याला त्याचा आयता फायदा.

एवढं करूनही काही पाथ उरतातच. तात्पुरत्या फोल्डरचे, दुसऱ्या टूलने छापलेले, आणि जिथे पूर्ण पाथ दाखवणं हेच फीचर आहे तिथले. त्यांच्यासाठी फिल्टर लागतो. आउटपुट ताडण्याआधी त्यातून जायचं, आणि मशीनच्या डोक्याजागी एखादी खूण यायची, समजा ‘<मूळ>’ किंवा ‘<तात्पुरतं>’. कल्पना पाच मिनिटांची. पण याच फिल्टरमध्ये आम्ही एकेक करून सगळ्या खड्ड्यांत पडलो.

पहिला खड्डा रेजेक्सचा, म्हणजे मजकूर शोधायच्या पॅटर्नचा. पाथ हा साधा मजकूर आहे, पॅटर्न नाही. कुणाच्या फोल्डरच्या नावात टिंब असतं, कुणी ‘सी++’ नावाच्या फोल्डरमध्ये काम करतो. तो पाथ उचलून थेट सेडला (पॅटर्नने मजकूर बदलणाऱ्या कमांडला) दिला की टिंब ‘कुठलंही अक्षर’ होतं आणि अधिकचिन्हाचा अर्थ बदलू शकतो. पायथनमध्ये आधी ‘आरई.एस्केप’, पर्लमध्ये ‘\क्यू’ आणि ‘\ई’ यांच्या मध्ये, किंवा सरळ साधी शब्दशः बदली. सेडच वापरायचं असेल तर निदान विभाजक म्हणून स्लॅशऐवजी उभी रेघ घ्या, नाहीतर पाथमधल्या प्रत्येक स्लॅशला उलटा स्लॅश लावत बसाल.

दुसरा खड्डा क्रमाचा. आमच्याकडे दोन नियम होते: घरचा फोल्डर म्हणजे ‘<घर>’, रिपो म्हणजे ‘<मूळ>’. माझ्या मशीनवर रिपो घराच्या आत, त्यामुळे आधी घराची बदली झाली की ‘<घर>/काम/शब्दतपास/…’ उरायचं आणि दुसरा नियम कधी लागूच व्हायचा नाही. सहकाऱ्याचा रिपो वेगळ्या डिस्कवर, तिथे मात्र ‘<मूळ>’ यायचं. लांब पाथ आधी, आखूड नंतर, हा साधा नियम. पण हातानं क्रम लावू नका, लांबीनुसार सॉर्ट करूनच बदल्या करा. प्रत्येक मशीनवर कुठला पाथ कुठल्या पाथच्या आत आहे हे वेगळं असू शकतं.

तिसरा खड्डा सीमेचा, आणि यात आमचा एक अख्खा दिवस गेला. कंटेनरमध्ये रिपोचं मूळ होतं ‘/ॲप’. इतकं आखूड मूळ असलं की ते भलत्याच ठिकाणी सापडतं. एका मदतसंदेशात दस्तऐवजाच्या ‘/ॲपेंडिक्स’ या पानाची लिंक होती. कंटेनरमध्ये ती ‘<मूळ>ेंडिक्स’ झाली. सुटी मात्रा बघून आम्ही आधी फॉन्ट तपासला, मग एन्कोडिंग, शेवटी फिल्टर. म्हणून बदली करताना पाथच्या पुढे स्लॅश, मोकळी जागा, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह किंवा ओळीचा शेवट आहे ना, हे बघायचं. मागची बाजूही तपासायची. आणि मूळ नुसतं ‘/’ असेल तर फिल्टरने काही न करता मोठ्याने ओरडायचं. तसं केलं नाही तर आउटपुटमधला प्रत्येक स्लॅश खूण होऊन बसतो.

चौथ्या खड्ड्यात मॅकवाले हमखास पडतात. तिथे ‘/टीएमपी’ आणि ‘/व्हार’ हे खरे फोल्डर नाहीत, ‘/प्रायव्हेट’मधल्या फोल्डरांकडे नेणाऱ्या सिमलिंक, म्हणजे नुसत्या दिशादर्शक पाट्या, आहेत. टेस्टने एन्व्हायर्नमेंटमधून घेतलेला तात्पुरता पाथ ‘/व्हार/फोल्डर्स/…’ असा असतो, आणि तिथे जाऊन प्रोग्रॅमने ‘मी कुठे आहे’ असं विचारलं की उत्तर येतं ‘/प्रायव्हेट/व्हार/फोल्डर्स/…’. फिल्टरला एकच रूप माहीत असेल तर ‘/प्रायव्हेट<तात्पुरतं>/…’ अशी अर्धवट बदली होते. प्रत्येक मुळाची दोन रूपं यादीत टाका: दिलेलं आणि सिमलिंक उलगडून मिळालेलं. लांबीनुसार सॉर्ट आधीच केलेलं असल्याने ‘/प्रायव्हेट’वालं आपोआप आधी लागतं. लिनक्सवरही घरचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर सिमलिंकने नेलेला असेल तर हेच होतं, फक्त तिथे क्वचित, म्हणून शोधायला जास्त वेळ जातो.

विंडोजवर उलटा स्लॅश असतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्याचा त्रास कमी. खरा त्रास बाकीच्याचा. ड्राइव्हचं अक्षर कधी लहान लिपीत, कधी मोठ्या. लांब नावांची जुनी आठ-अधिक-तीन रूपं: सीआयच्या विंडोज रनरवर (टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) तात्पुरत्या फोल्डरच्या पाथमध्ये ‘रनरॲडमिन’ऐवजी ‘रनर~१’ दिसतं, कारण कुणीतरी आखूड नाव मागितलेलं असतं आणि दुसरं कुणीतरी लांब. गिटबरोबर येणाऱ्या बॅशमधून चालवलं तर ‘सी:’ऐवजी ‘/सी/’ असं तिसरंच रूप. आणि आउटपुट जेसन या माहिती-मांडणीत असेल तर प्रत्येक उलटा स्लॅश दुहेरी होतो, म्हणजे साध्या पाथचा शोध तिथे लागतच नाही. जेसनचं आउटपुट मजकूर म्हणून ताडू नका, आधी वाचून घ्या, आतल्या मूल्यांवर फिल्टर लावा, मग ताडा. फाइलीचा यूआरएल छापला जात असेल तर मोकळ्या जागेचं ‘%२०’ होतं आणि देवनागरी फोल्डरनावाची तर अख्खी टक्केवारी होते. तेही एक रूप यादीत हवं.

उलट्या स्लॅशचे सरसकट सरळ स्लॅश करण्याचा मोह आवरा. आउटपुटमध्ये ‘\एन’सारखे एस्केप असले की तेही बदलतात. मर्क्युरियल या गिटसारख्या टूलच्या टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने हे शहाणपणाने सोडवलंय: अपेक्षित ओळीच्या शेवटी कंसात ‘ग्लोब’ लिहिलं असेल तर विंडोजवर त्या ओळीतला सरळ स्लॅश उलट्या स्लॅशशीही जुळतो. सवलत मागितली त्या ओळीपुरतीच मिळते. टेस्टच्या तात्पुरत्या फोल्डरचा पाथ तो स्वतःच ‘$टेस्टटीएमपी’ या नावाने बदलून ठेवतो.

आता सगळ्यात गंमतीशीर प्रकार: पाथ बदलून टाकला, तरी त्याची लांबी आउटपुटमध्ये मागे उरते. याची मला आधी कल्पनाच नव्हती. आमच्या शब्दयाद्यांपासून एक छापील कोश बनतो, त्यासाठी टेक (छपाईसाठी पानं जुळवणारं टूल) वापरतो, आणि त्याच्या लॉगमधल्या सूचना आम्ही ताडून बघत होतो. टेक लॉगच्या ओळी ७९ अक्षरांवर तोडतो. शब्द बघत नाही, पाथ बघत नाही, ७९ झाली की नवी ओळ. माझ्या मशीनवर पाथ आखूड, ओळ तुटतच नाही. रनरवर लांब, आणि ओळ तुटते ती नेमकी पाथच्या मधोमध: ‘शब्दत’ या ओळीवर, ‘पास’ पुढच्या. मग फिल्टरला पूर्ण पाथ कुठे दिसतच नाही आणि बदली होत नाही. तुटलेल्या ओळी परत जोडणारी स्क्रिप्ट लिहायचा प्रयत्न केला. ७९ अक्षरांची प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला जोडायची, तर कधी खरीच ७९ अक्षरांची ओळ निघायची. शेवटी उपाय एका ओळीचा होता: टेक लाइव्ह या टेकच्या वितरणात ‘मॅक्स_प्रिंट_लाइन’ हे एन्व्हायर्नमेंटमधून बदलता येतं. ते काही हजार केलं की टेक ओळी तोडतच नाही.

हाच प्रकार टर्मिनलच्या रुंदीने संदेश मोडणाऱ्या सगळ्या टूलमध्ये असतो. पायथनचं आर्गपार्स मदतसंदेश ‘कॉलम्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनुसार मोडतं. टेस्टमध्ये ते पक्कं करून ठेवा. तक्ते छापणारी टूल सर्वांत लांब पाथएवढी स्तंभाची रुंदी करतात, मग पाथच्या जागी खूण आली तरी पुढची मोकळी जागा जुन्याच लांबीची. त्या मोकळ्या जागेवर वेगळा फिल्टर चालवण्यापेक्षा तक्ता आखण्याआधीच पाथ बदलला पाहिजे, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच, ‘छापताना हे मूळ असं दाखव’ असा पर्याय देऊन. आउटपुटमध्ये बाइटची संख्या किंवा मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असेल तर तिथेही बाहेरचा फिल्टर कामाचा नाही. पाथ आत मिसळून गेलेला असतो, दिसतसुद्धा नाही.

क्रमाचंही तसंच. फोल्डरमधल्या फाइलींची यादी फाइलसिस्टीम देईल त्या क्रमाने येते, आणि तो क्रम मशीनगणिक वेगळा. प्रोग्रॅमने सॉर्ट केलं तरी कशावर केलं हे बघायचं. आमच्याकडे काही याद्या रिपोतून आणि काही तात्पुरत्या फोल्डरमधून येतात. पूर्ण पाथवर सॉर्ट केल्यावर ‘/होम’ आधी की ‘/टीएमपी’ आधी हे ठरलेलं, पण मॅकवर घरच ‘/यूझर्स’मध्ये आणि तात्पुरतं ‘/प्रायव्हेट’मध्ये, म्हणजे लहान-मोठी लिपी एकच धरून सॉर्ट केलं तर क्रम उलटा. डिफमध्ये सगळ्या ओळी बरोबर, फक्त जागा बदललेल्या. शेलमधली ‘सॉर्ट’ कमांड वापरत असाल तर ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ ही किंमत द्या, नाहीतर लोकेलप्रमाणे (मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) विरामचिन्हं धरायची की सोडायची हे बदलतं.

एक खास आपल्या मराठीचा खड्डा. नमुन्यांचा एक फोल्डर होता ‘कऱ्हाड’ नावाचा. एका सहकारिणीच्या जुन्या मॅकवरून आलेल्या आउटपुटमध्ये तो फोल्डर डिफमध्ये लाल, आणि दोन्ही ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या. कारण ‘ऱ’. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा एक कोड आहे, आणि तोच ‘र’ अधिक नुक्ता असाही फोडता येतो: तीन बाइट की सहा, एवढाच फरक. ॲपलची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नावं फोडून ठेवायची. २०१७पासून आलेली एपीएफएस जशी दिली तशी ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आलेलं नाव फोडलेलंच राहतं. फिल्टरच्या सुरुवातीला आउटपुट आणि मुळांचे पाथ दोन्ही एनएफसी (युनिकोडच्या जोडलेल्या) रूपात आणले की हे मिटतं. गिटमध्ये मॅकसाठी ‘प्रीकंपोज-युनिकोड’ ही सेटिंगही आहे, ती चालू आहे का बघा.

पण मराठी टायपिंगमध्ये तिसरं रूपही फिरत असतं: कित्येकजण ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ लिहायला साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप करतात. दिसायला तेच अक्षर, पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्याला हात लावत नाही. ते फिल्टरमध्ये सुधारायला जाऊ नका. तो खरोखरच वेगळा फोल्डर आहे, आणि टेस्टने तसंच सांगायला हवं. (आमचं टूल नेमकी हीच चूक शब्दयाद्यांमध्ये पकडतं. आमच्याच फोल्डरच्या नावात ती निघाल्यावर काय बोलणार!)

आता तो किस्सा, ज्यासाठी मी शेपटाला हात लावू नका म्हणालो. वरच्या सगळ्या कटकटीला वैतागून मीच एकदा एक ‘कायमचा’ नियम लिहिला. स्लॅशपासून सुरू होऊन अपूर्णविरामापर्यंत जे काही असेल त्याजागी ‘<पाथ>’. सगळी मशीनं हिरवी, आठवडाभर माझं कौतुक. मग शब्दयादीत दुसरी यादी जोडण्याची सोय आली. तिच्या कोडमध्ये अशी चूक होती की जोडलेल्या यादीतली गफलत मुख्य यादीच्या नावावर छापली जायची. ओळक्रमांक बरोबर, फाइल भलतीच. टेस्टमध्ये दोन्हींचं रूप ‘<पाथ>:७’. टेस्ट पासच होत राहिल्या. कळलं ते एका वापरणाऱ्याने विचारल्यावर: ‘माझ्या यादीत सातव्या ओळीवर तर काहीच चूक नाही, हे टूल काय म्हणतंय?’ फिल्टर नीट केला तशा त्या सोयीच्या सगळ्या टेस्ट एकदम लाल झाल्या. त्या आधीच लाल असायला हव्या होत्या.

रस्टच्या कंपाइलरच्या टेस्टमध्ये हा विवेक चांगला दिसतो. टेस्टच्या फोल्डरजागी ‘$डीआयआर’ येतं, पण त्यापुढे फाइलीचं नाव, ओळ आणि स्तंभ खरेच ठेवतात, कारण कंपाइलरने बरोबर जागा दाखवली का हेच तपासायचंय. तीच चूक प्रमाण लायब्ररीतल्या फाइलीकडे बोट दाखवत असेल तर मात्र मूळ ‘$एसआरसी_डीआयआर’ होतं आणि ओळ-स्तंभाच्या जागी ‘एलएल:सीओएल’, कारण लायब्ररीत कुणी वर एक ओळ घातली की या टेस्ट मोडायला नकोत. काय झाकायचं हे पाथ बघून ठरवलेलं नाही, टेस्ट कशाची आहे हे बघून ठरवलंय. एलएलव्हीएम या कंपाइलर-प्रकल्पाच्या फाइलचेक या आउटपुट ताडणाऱ्या टूलमध्येही दुहेरी महिरपी कंसांत रेजेक्स घालता येतो, आणि आळसाने तिथे ‘काहीही’ लिहिलेल्या ओळी खूप दिसतात. पण फाइलीचा पाथ बाहेरून व्हेरिएबल म्हणून देण्याचीही सोय आहे. ती वापरली तर ‘काहीही’ऐवजी ‘हीच फाइल’ असं म्हणता येतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसने तर वेगळीच वाट घेतली. पूर्वी तिथे टेस्टच्या काही फाइली साच्यासारख्या असायच्या, आणि टेस्ट चालवण्याआधी त्यांत त्या मशीनचा पूर्ण पाथ भरून खरी इनपुट आणि अपेक्षित फाइल दोन्ही तयार केल्या जायच्या. १५व्या आवृत्तीत, २०२२मध्ये, हे काढून टाकलं. आता पीएसक्यूएल (त्याचा आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) एन्व्हायर्नमेंटमधून पाथ व्हेरिएबलमध्ये घेतो, आणि आउटपुटमध्ये आज्ञा जशी लिहिली तशी, म्हणजे व्हेरिएबलच्या नावासकट, उमटते. पाथ आउटपुटपर्यंत पोचतच नाही.

पायथनमध्ये ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठून कुठे आली याची यादी) ताडणाऱ्यांसाठी थोडक्यात: ताडू नका. त्यात इंटरप्रीटरच्या लायब्ररीचा पाथ येतो, त्यात आवृत्तीचा आकडा असतो, आणि ३.११पासून ओळीखाली टोप्यांच्या (^) खुणाही येतात. पायथनचं डॉकटेस्ट हे टेस्टचं टूल मधला सगळा भाग सोडून फक्त एररचा प्रकार आणि संदेश ताडतं. आपणही तेच करावं. पायटेस्ट या दुसऱ्या टूलच्या तात्पुरत्या फोल्डरच्या नावात लॉगिननाव आणि दर वेळी वाढणारा आकडा असतो, तेव्हा तो पाथ कुठेही लिहून ठेवू नका, चालत्या टेस्टकडूनच मागून घ्या.

फिल्टर कुठे लावायचा यावरही आमची बरीच वादावादी झाली. फक्त नव्या आउटपुटवर लावायचा. जपलेल्या फाइलीत खुणाच असल्या पाहिजेत. दोन्हीकडे लावला तर जपलेल्या फाइलीत कुणाचा कच्चा पाथ शिरला तरी कळत नाही. आणि ‘आउटपुट बदलून जपून ठेव’ ही कमांड त्याच फिल्टरमधून गेली पाहिजे, वेगळ्या स्क्रिप्टमधून नाही. आमच्याकडे कच्चे पाथ रिपोत शिरायचे ते याच फटीतून. आता सीआयमध्ये एक साधा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) आहे. जपलेल्या फाइलींत ‘/होम/’, ‘/यूझर्स/’ किंवा ड्राइव्हच्या अक्षरापुढे अपूर्णविराम सापडला की थेट फेल. टेस्ट फेल झाली की फिल्टर न केलेलं आउटपुटही शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवतो, कारण चूक शोधताना खरा पाथच लागतो, ‘<मूळ>’वर क्लिक करून काही उघडत नाही.

फिल्टर बरोबर आहे हे कसं कळणार? तीच टेस्ट दोन वेगळ्या ठिकाणी चालवून. आमच्या सीआयमध्ये प्रत्येक रात्री रिपो दोनदा उतरतो. एकदा आखूड पाथवर, आणि एकदा मुद्दाम वाकड्या पाथवर: लांब नाव, मधे मोकळी जागा, एक अधिकचिन्ह, एक ‘ऱ’, आणि वर एक सिमलिंक. मोकळ्या जागेची कल्पना गिटकडून घेतली. गिटच्या स्वतःच्या टेस्ट ज्या फोल्डरमध्ये चालतात त्याचं नावच ‘ट्रॅश डिरेक्टरी’ असं मधे जागा सोडून सुरू होतं, म्हणजे अवतरणचिन्हं विसरलेली प्रत्येक स्क्रिप्ट तिथल्या तिथे मोडते. आमच्या तीन स्क्रिप्ट पहिल्याच रात्री मोडल्या, आणि त्यातली एक टेस्टची नव्हती, वापरणाऱ्यांना दिलेली इन्स्टॉलची होती.

विंडोजवर मात्र वाकडा पाथ आखूडच ठेवलाय. पहिल्यांदा तोच लांबलचक पाथ तिथेही दिला, तर खोल फोल्डरमधल्या काही नमुन्यांचा पाथ २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेपलीकडे गेला, आणि टेस्ट सुरू होण्याआधीच रिपो उतरवताना सगळं अडलं.